टाकळ्याचं पंचांग

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची हवामान खात्याची तारीख आहे ११ जून. २०२० साली खात्याने आधीची १० जून ही तारीख बदलून ती ठरवली. पाऊस ती पाळतोच असं नाही, आणि टाकळा तर तेवढीही वाट पाहत नाही. वळवाच्या दोन चांगल्या सरी पडून माती आतपर्यंत भिजली की आठवडाभरात तो वर येतो. मुंबईतल्या नाहूर स्टेशनच्या कुंपणालगत, रुळांकडेच्या खडीत, पुलाच्या खांबांखाली, पत्रे ठोकून बंद केलेल्या रिकाम्या प्लॉटवर, पूर्वेला द्रुतगती महामार्गाच्या बाजूच्या भरणीवर, आणि सोसायट्यांच्या बागांत जास्वंदीच्या व तगरीच्या मुळाशी. आधी दोन गोलसर जाड बीजपत्रं दिसतात. मग सहा पर्णिकांचं पहिलं पान. जूनअखेरीला उघडी जमीन हिरवीगार होते आणि बागेची आवड असणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

हे प्रकरण त्या माणसासाठी आहे. टाकळा हे तण आहे, यात वाद नाही. तो भाजी आहे, औषध आहे, फुलपाखरांच्या अळ्यांचा चारा आहे, हेही तितकंच खरं. या सगळ्या गोष्टी एकाच झाडाच्या असल्या तरी एकाच महिन्याच्या नाहीत. टाकळ्याशी कसं वागायचं हे कोणता महिना चालू आहे त्यावर ठरतं, आणि आपल्या बागांमध्ये नेमकं तेच उलटं होतं. तो खाण्याजोगा असतो तेव्हा आपण तो तण म्हणून उपटून फेकतो. खरंच उपटायला हवा तेव्हा, म्हणजे भाद्रपदात, गणपतीच्या गडबडीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आणि शेंगा वाळून तडकू लागल्यावर, दिवाळीनंतर, बाग साफ करायला माणूस बोलावतो. तो बिचारा झाडं कापतो, गोळा करतो, बागेभर ओढत नेतो आणि पुढच्या कित्येक वर्षांचं बी सगळीकडे पेरून जातो.

आधी ओळख पक्की करून घेऊ. टाकळ्याचं शास्त्रीय नाव सेन्ना टोरा. जुन्या पुस्तकांत तो कॅसिया टोरा म्हणून सापडतो. १९८२ साली हॉवर्ड अर्विन आणि रूपर्ट बार्नबी या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी या मोठ्या गोतावळ्याची फेरमांडणी केली, तेव्हा बहावा कॅसियातच राहिला आणि टाकळा, तरवड, कासविंदा ही मंडळी सेन्नात गेली. कोकणात आणि मुंबईत टाकळा, विदर्भात तरोटा, गोव्यात तायकिळो, संस्कृतात चक्रमर्द. झाड गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढतं. पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. त्या देठाकडे निमुळत्या आणि टोकाकडे रुंद गोलसर असतात, टोकाची जोडी सगळ्यांत मोठी. संध्याकाळी या पर्णिका मिटतात. पान चुरगळलं की एक उग्र, हिरवट वास येतो. पानांच्या बेचक्यात बहुधा जोडीने येणारी पाच पाकळ्यांची पिवळी फुलं आणि नंतर वीतभर लांब, बारीक, किंचित वाकलेल्या शेंगा. शेंगेत पंचवीस-तीस कोनेदार, तपकिरी, चकचकीत बिया.

नाहूरची जमीन टाकळ्याला इतकी का मानवते? टाकळा हा जंगलाचा रहिवासी नाही. दाट सावलीत तो जगत नाही. पूर्वेला मिठागरांपलीकडे खाडीचा खारा चिखल आणि तिवरं सुरू होतात, तिथेही तो जात नाही. त्याला हवी असते मोकळी, उकरलेली, उन्हातली जमीन, जिथे अजून कुणी पक्का मालक झालेला नाही. अशी जमीन या पट्ट्यात कायम तयार होत आली आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला जाणारी पहिली आगगाडी याच भागातून गेली. रुळांसाठी भराव झाले, चर खणले गेले. नंतर लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा कारखाने आले. ते बंद पडल्यावर त्यांच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक वेळी जमीन उकरली गेली, मुरूम आला, डेब्रिज आलं, आणि बाग करायच्या वेळी ट्रकने लाल माती आली. त्या मातीबरोबर बी येतं. नव्याकोऱ्या इमारतीच्या नव्याकोऱ्या बागेत पहिल्याच पावसाळ्यात टाकळा उगवतो, तो बहुतेक वेळा तिथला नसतोच. तो मातीच्या ट्रकमधून आलेला असतो.

गुरं हे दुसरं कारण. गाई-म्हशी टाकळ्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे चराईच्या मोकळ्या जागेवर गवत संपतं आणि टाकळा उरतो. दर वर्षी थोडा जास्त उरतो. गावाकडचं एखादं माळरान ऑगस्टमध्ये नुसतं टाकळ्याने भरलेलं दिसलं तर तिथे किती वर्षं किती गुरं चरली असतील याचा अंदाज जाणकार माणूस बांधू शकतो.

पण टाकळ्याची खरी ताकद त्याच्या बियांत आहे. बीवरचं कवच इतकं घट्ट असतं की त्यातून पाणी आत शिरत नाही. पाणी शिरलं नाही म्हणजे बी उगवत नाही, आणि कुजतही नाही. उन्हाने तापून, रात्री गार होऊन, मातीच्या कणांनी घासून हे कवच हळूहळू झिजतं, आणि ते सगळ्या बियांचं एकाच वेळी झिजत नाही. एका शेंगेतल्या काही बिया येत्या जूनमध्ये उगवतील, काही त्यापुढच्या, काही त्याच्याही पुढच्या. माती म्हणजे टाकळ्याची मुदतठेव आहे. या वर्षी तुम्ही एकही झाड जिवंत ठेवलं नाहीत, तरी पुढल्या वर्षी तो उगवणार. यात तुमची मेहनत वाया गेली असं मानून हात टेकू नयेत, कारण एका गोष्टीवर तुमचा पूर्ण ताबा आहे: या साठ्यात नवं बी पडू द्यायचं की नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल बोललं पाहिजे. टाकळा शेंगवर्गीय आहे, म्हणून त्याच्या मुळांवर गाठी असणार आणि तो हवेतला नत्र जमिनीत भरणार, असं बागकामाच्या गप्पांत सर्रास सांगितलं जातं. तूर, मूग, चवळी, ताग यांच्या मुळांवर अशा गाठी असतात हे खरं. सेन्ना गणातल्या वनस्पतींच्या मुळांवर त्या नसतात. टाकळ्याचं रोप उपटून मुळं धुऊन पाहिलीत तर एक सरळ सोटमूळ आणि त्याला फुटलेली उपमुळं दिसतील, गुलाबी पोटाच्या गाठी दिसणार नाहीत. म्हणजे टाकळा नत्र बनवत नाही. तो जमिनीतूनच घेतो. तरी त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून चांगला असतो, कारण पाला कोवळा असताना पटकन कुजतो आणि खालून ओढलेलं पोषण वरच्या थरात परत येतं. झाडांच्या आळ्यात घालायला पाला हवा असेल तर जुलै-ऑगस्टमधला टाकळा उत्तम. पण जमीन सुधारेल म्हणून तो मुद्दाम वाढू द्यावा, यात तथ्य नाही. त्यासाठी ताग किंवा चवळी पेरावी.

आता त्याचे भाऊबंद. पावसाळ्यात पिवळी फुलं येणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती आपल्याकडे पुष्कळ आहेत. रानभाजी म्हणून टाकळ्याच्याच टोपलीत येणारा कवळा हाही त्यांतलाच, त्याची पानं नाजूक आणि लाजाळूसारखी मिटणारी. खुळखुळ्याला फुगीर शेंगा येतात आणि वाळल्यावर आतल्या बिया वाजतात. या दोघांशी टाकळ्याचा घोळ होत नाही. घोळ होतो तो कासविंद्याशी, आणि तो घोळ महागात पडू शकतो.

कासविंदा म्हणजे सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस. काही जण त्याला रानटाकळा म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. तोही रस्त्याकडेला आणि पडीक जागेवर उगवतो, त्यालाही पिवळी फुलं येतात. फरक पानात पाहायचा. कासविंद्याच्या पर्णिका टोकाला अणकुचीदार असतात आणि त्यांच्या जोड्या तीनपेक्षा जास्त, चार-पाच असतात. शेंगा टाकळ्याहून रुंद आणि चपट्या, वरच्या दिशेने उभ्या. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर आणि आसपासच्या जिल्ह्यांत अनेक वर्षं पावसाळा सरला की लहान मुलं अचानक आजारी पडत. उलट्या होत, मूल बेशुद्ध पडे आणि बरीच मुलं दगावत. मेंदूज्वराची साथ म्हणून ती नोंदली जाई. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा कुठलाही विषाणू सापडला नाही. सापडली ती कासविंद्याची शेंग. खेळता खेळता मुलं त्या हिरव्या शेंगांतल्या बिया खात होती, आणि त्या बियांच्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू एकाच वेळी निकामी होत होते. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावोगावी लोकांना सांगितल्यावर, झाडं उपटल्यावर आजार ओसरला. म्हणून ज्या बागेत मुलं खेळतात तिथे कासविंदा दिसला तर एक दिवसही थांबू नये. तो मुळासकट काढावा. आणि टाकळ्याच्याही बिया मुलांच्या तोंडात जाणार नाहीत हे पाहावं. आपल्या स्वयंपाकात टाकळ्याचा कोवळा पाला आहे, कच्च्या बिया नाहीत, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आणखी एक भाऊबंद मुंबईपेक्षा पुण्याच्या टेकड्यांवर जास्त दिसतो, सेन्ना युनिफ्लोरा. अंगावर तांबूस लव, शेंगा आखूड आणि मण्यांच्या माळेसारख्या चिमटलेल्या. त्याची गोष्ट गाजरगवताशी जोडलेली आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात गाजरगवत पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग ते देशभर पसरलं. त्याला आवर घालायला १९८४ साली मेक्सिकोहून आणलेला एक भुंगेरा बंगळूरजवळ सोडण्यात आला. दुसरा उपाय वनस्पतींचा होता. उष्ण अमेरिकेतून आलेला सेन्ना युनिफ्लोरा गाजरगवताच्या आधी दाट उगवून त्याला जागाच देत नाही, असं महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या अभ्यासकांच्या लक्षात आलं आणि त्याचं बी पसरवण्याची शिफारस झाली. गाजरगवत हटलं खरं. पण त्याच्या जागी आता मैलोन्‌मैल सेन्ना युनिफ्लोरा आहे आणि स्थानिक गवतं, रानफुलं अजून बाहेरच आहेत. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय हेच काम टाकळ्याकडून करून घ्यायला सांगतं: पावसाळ्याआधी गाजरगवताच्या जागेवर टाकळ्याचं बी फेका. मला हा सल्ला जास्त पटतो. टाकळा निदान आपल्या मातीला, आपल्या फुलपाखरांना आणि आपल्या कढईला ओळखीचा आहे. नाहूरच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत आणि टाकळा शेजारी शेजारी असतील आणि हात एकालाच लावण्याइतका वेळ असेल, तर गाजरगवत उपटावं. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. टाकळ्याने यातलं काही होत नाही.

फुलपाखरांचा उल्लेख आला आहे तर तिथे थोडं थांबू. ऑगस्टमध्ये टाकळ्याच्या ताटव्याजवळ दहा मिनिटं उभं राहिलं तर पिवळी आणि फिकट हिरवट-पांढरी फुलपाखरं पानापानावर क्षणभर टेकून पुढे जाताना दिसतात. ती फुलासाठी आलेली नसतात. त्या माद्या असतात, पानांवर एकेक अंडं घालत असतात. कॉमन ग्रास यलो आणि मॉटल्ड एमिग्रंट या दोन जातींच्या अळ्या टाकळ्यावर वाढतात. अळी पानाच्याच रंगाची हिरवी, पर्णिकेच्या मधल्या शिरेवर लांबच लांब पसरलेली, त्यामुळे सहज दिसत नाही. ताटव्यातली काही झाडं पार खाल्लेली दिसली तर वाईट वाटून घेऊ नये. तण आवरण्याचं काम त्या अळ्याही करत आहेत.

फुलाचं काम वेगळं चालतं. टाकळ्याच्या फुलात मध नसतो. परागकोश डबीसारखे बंद, फक्त टोकाला छिद्रं. पराग हवा असेल तर माशीने फुलाला घट्ट धरून अंग थरथरवायचं, मग छिद्रांतून पराग उडतो. भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाश्या हे करतात. सकाळी फुलाजवळ कान नेला तर एरवीच्या भुणभुणीपेक्षा वरच्या पट्टीतला तो आवाज ओळखता येतो. आपल्या पोळ्यांतल्या मधमाश्यांना ही युक्ती येत नाही. वांगं आणि टोमॅटो यांच्या फुलांनाही हीच थरथर लागते, म्हणून बागेत वांगी लावणाऱ्याने या रानमाश्यांचं येणंजाणं राखलं तर त्याचाच फायदा आहे. पानाच्या देठावर खालच्या पर्णिकांच्या मधोमध बारीक दांड्यासारखी ग्रंथी असते. तिच्यातून गोड रस पाझरतो आणि तिथे मुंग्या असतात. हे सगळं जुलै ते सप्टेंबर या काळात, तेही मुंबईसारख्या शहरात, कुणी न लावलेल्या झाडावर चालू असतं.

भाजीची वेळ त्याआधीची. मुलुंड आणि भांडुपच्या बाजारांत, स्टेशनांबाहेर, आषाढात आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात. शेवळं संपत आलेली असतात, कुरडू, भारंगी, फोडशी, करटोली येत असतात, आणि त्यांच्या शेजारी टाकळ्याचे वाटे. घेणारी विचारते, “मावशी, कोवळा आहे ना?” मावशी एक शेंडा उचलून नखाने टचकन तोडून दाखवते. हीच परीक्षा. देठ टचकन तुटला तर भाजी, वाकून लोंबला तर नाही. रोप वीतभर उंचीचं असतं, तेव्हा वरची चार-पाच पानं आणि शेंडा खुडायचा. फुलाची कळी दिसू लागली की पानं राठ आणि कडवट होतात, मग भाजीचा नाद सोडावा.

करायची रीत घरागणिक वेगळी. पाला निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन बारीक चिरायचा. तेलात ठेचलेली लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा परतून त्यावर भिजवलेली हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ, मग पाला. झाकण ठेवून वाफ आणायची. शेवटी मीठ, हवा तर गुळाचा खडा आणि ओलं खोबरं. कोकणात आणि गोव्यात उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या घालतात. आठळीचा पिठूळपणा टाकळ्याच्या किंचित कडसरपणाला छान सावरतो, आणि माझ्या मते टाकळ्याची हीच सगळ्यांत चांगली भाजी. पाला शिजून अगदी थोडा होतो, म्हणून चार माणसांना मोठी टोपलीभर लागतो. तण आवरायला याहून चांगली गोष्ट कोणती? एका घरच्या भाजीत बागेतली शंभरेक रोपं सहज संपतात. भाजी थोडी सारक असते, कारण या गणातल्या वनस्पतींत अँथ्राक्विनोन गटाची द्रव्यं असतात. सोनामुखीत तीच असतात, त्यामुळे रोज ताटभर खाण्याची ही भाजी नव्हे. पावसाळ्यात चार-सहा वेळा खाण्याची आहे.

याच द्रव्यांमुळे टाकळा त्वचारोगांवरच्या औषधात गेला. संस्कृतातल्या त्याच्या एका नावाचा अर्थच गजकर्ण घालवणारा असा आहे. चरकसंहितेतल्या कुष्ठावरच्या लेपांत तो एडगज या नावाने येतो. पूर्वेकडे त्याचं आणि त्याच्या जवळच्या भावाचं, सेन्ना ऑब्ट्युसिफोलियाचं, बी भाजून चहासारखं उकळून पितात. जपानमध्ये तो हाबु-चा, चीनमध्ये हे बी डोळ्यांसाठी चांगलं मानतात. बीच्या गरापासून कॅसिया गम हा घट्टपणा आणणारा पदार्थ काढतात. युरोपात त्याचा क्रमांक ई ४२७. कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाण्यात तो पुष्कळ वापरला जातो, आणि त्यासाठी भारतातून टाकळ्याचं बी निर्यात होतं. दुसरीकडे हेच दोघे भाऊ उत्तर ऑस्ट्रेलियात त्रासदायक तणं म्हणून गणले जातात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात सोयाबीनचे शेतकरी सेन्ना ऑब्ट्युसिफोलियाने हैराण आहेत.

आता बाग. मे महिन्यात, वळवाआधी, ज्या वाफ्यात फुलझाडं किंवा भाजी लावायची आहे तो एकदा पाणी देऊन ओला करावा. आठ-दहा दिवसांत जे उगवेल ते खुरप्याने वरच्यावर खरवडावं. माती खोल खणू नये, कारण कुदळ खाली गेली की गाडलेलं बी वर येतं. पुन्हा एकदा पाणी, पुन्हा खरवडणं. जूनमध्ये मोठा पाऊस येईपर्यंत वरच्या दोन बोटं मातीतलं उगवण्याजोगं बरंच बी अशा तऱ्हेने संपतं. मग पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. टाकळ्याला उजेड हवा, आणि चार बोटं जाडीच्या आच्छादनाखालून वर येणारं रोप पिवळट, दुबळं असतं, चिमटीत उपटून येतं.

आषाढात खुडायचं. खुडलेलं रोप मरत नाही, बगलेतून फुटतं, म्हणून जिथे ते नकोच आहे तिथे खुडण्याऐवजी मुळासकट उपटावं. पावसाच्या दुसऱ्या दिवशी माती सैल असते. बुंध्याशी धरून सरळ वर ओढलं की सोटमूळ अखंड येतं. कोरड्या दिवशी ओढलं तर झाड जमिनीलगत तुटतं आणि खालून फुटून आडवं पसरतं. असं आडवं पसरलेलं झाड पुढे कापायला फार जिकिरीचं. गवत कापायच्या मशीनचंही तेच. हिरवळीवर उंच पातं ठेवून फिरवलं तर टाकळा ठेंगणा होतो आणि ठेंगणा राहूनच फुलतो.

श्रावणात बागेचा एक कोपरा, भिंतीकडचा, माणसांच्या वावराबाहेरचा, फुलपाखरांसाठी ठेवावा. चटईएवढी जागा पुरते. तो कोपरा आधीच ठरवून माळ्याला आणि सोसायटीच्या कमिटीला सांगावं, नाहीतर एका बाजूने तुम्ही राखाल आणि दुसऱ्या बाजूने तो साफ होईल.

भाद्रपद हा सगळ्यांत महत्त्वाचा महिना. फुलं येऊन गेलेली, शेंगा हिरव्या, बी अजून दुधाळ. या वेळी राखलेल्या कोपऱ्यासकट बागेतली सगळी झाडं निघाली पाहिजेत. गौरी-गणपतीत वेळ नसतो हे खरं, म्हणून विसर्जनानंतरचा पहिला रविवार यासाठी ठरवून टाकावा. उपटलेली झाडं तशीच वाफ्यात टाकू नयेत, कारण शेंगेत बी भरत आलं असेल तर झाड वाळता वाळता ते पिकतं. फक्त फुलावर असलेली झाडं कंपोस्टच्या खड्ड्यात चालतील. शेंग धरलेली झाडं वेगळी काढून ओल्या कचऱ्यात द्यावीत. मुंबईतून पाऊस परतण्याची खात्याची तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतर जमीन कडक होते आणि उपटणं अवघड होतं, म्हणजे कामाची मुदत तीच. उशिरा उगवलेली रोपं मात्र फसवतात. ती वीतभर असतानाच फुलतात आणि गवतात लपून दोन-चार शेंगा धरतात. अश्विनात एकदा वाकून गवत चाळावं.

आणि इतकं करूनही शेंगा वाळेपर्यंत झाडं राहिलीच, तर ती दुपारच्या उन्हात हलवू नयेत. सकाळी दव असताना शेंग मऊ असते, तडकत नाही. खाली जुनी चादर पसरून, विळ्याने बुंध्याशी कापून, तिथल्या तिथे पोत्यात भरावीत.

तणनाशकाबद्दल थोडक्यात. सोसायटीच्या बागेत टाकळ्यावर ते फवारू नये. बाजारात सहज मिळणाऱ्या ग्लायफोसेटच्या वापरावर २०२२ साली केंद्र सरकारने निर्बंध घातले आणि ते परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांकडूनच वापरलं जावं असं ठरवलं. शिवाय ते उभं झाड मारतं, मातीतल्या बीला काही करत नाही. टाकळा हाताने निघतो, तोही मुळासकट. मुलं आणि मांजरं जिथे लोळतात तिथे विष कशाला?

ज्यांच्याकडे बाग नाही, खिडकीची जाळी आणि चार कुंड्या आहेत, त्यांनी टाकळा मुद्दाम लावावा. रुळांकडेचा किंवा नाल्याकाठचा पाला खाऊ नये, कारण तिथल्या मातीत आणि पाण्यात काय मिसळलं आहे याची खात्री नाही. राष्ट्रीय उद्यानातून पाला किंवा बी आणणं कायद्याने मना आहे. गावाकडून, ओळखीच्या स्वच्छ जागेवरून, कार्तिकात मूठभर बी आणावं आणि कोरड्या बरणीत ठेवावं. जूनच्या सुरुवातीला दोन खरबरीत पॉलिश-पेपरांच्या मध्ये बी चांगलं घासावं, तकाकी जाईपर्यंत. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवावं. जे फुगून दुप्पट होईल ते पेरावं, जे खडखडीत राहील ते पुन्हा घासावं. साधी बागेची माती, थोडं शेणखत, पसरट कुंडी, किमान अर्धा दिवस ऊन. बी बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर दाट टाकलं तरी चालतं, कारण झाड मोठं करायचंच नाही. तीनेक आठवड्यांत पहिला खुडा मिळतो. शेंडा खुडल्यावर बगलेतून फुटवे येतात, त्यांचा दुसरा खुडा. पंधरा दिवसांच्या अंतराने दुसरी कुंडी पेरली तर श्रावण संपेपर्यंत भाजी पुरते. कळ्या दिसल्या की कुंडी रिकामी करावी, आणि एकच झाड बियांसाठी ठेवायचं असेल तर शेंगा पिवळसर होताच त्यांच्यावर मलमलच्या कापडाची पिशवी बांधावी, म्हणजे बी खालच्या मजल्यावरच्या कुंड्यांत जाणार नाही.